पोरगी एम.एस.डब्ल्यू. करते म्हणते!
(समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी सभासदांसाठी माहिती)



गेल्या महिन्यात गट ऑफिसात ऊसनोंदीची गर्दी होती. भुसावळकडचे एक जुने सभासद, आपण त्यांना नाना म्हणू, नोंद आटोपून बाकावर टेकले आणि म्हणाले, "आमची धाकटी पोरगी बी.ए. झाली. आता जळगावला जाऊन एम.एस.डब्ल्यू. करते म्हणते. म्हटलं, ते काय असतं बा? तर म्हणे, समाजकार्य! आता समाजकार्य करायला कॉलेजात जावं लागतं होय? आम्ही पाटाच्या पाण्याची भांडणं मिटवतो, लग्नात वाढपी होतो, कोणी गेलं तर खांदा देतो. आम्हाला कोणी डिग्री दिली?"

बाकावरची मंडळी हसली. पण नानांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोन वर्षांची फी, रोजची रेल्वे, वर पोरीच्या लग्नाचं वय. एवढं सगळं पणाला लावायचं तर आपण काय विकत घेतो आहोत हे बापाला कळलंच पाहिजे. बेणे सुद्धा आपण डोळे पाहून घेतो! म्हणून हा लेख.

आपल्या माणसाचं आपण करतो; परक्याचं कोण?

नानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. गावात एकमेकांच्या अडीनडीला धावून जाणं हे समाजकार्यच. पण आपण धावतो ते भाऊबंदासाठी, शेजाऱ्यासाठी, फार तर गावकऱ्यासाठी. ज्याला त्या ठिकाणी ना भाऊबंद ना गाव, त्याचं काय? मुंबईत गिरण्या वाढल्या, खेड्यापाड्यांतून माणसं चाळींत जाऊन पडली. आजारपण, दारू, कर्ज, टाकून दिलेली बायको, चुकलेलं पोर, असे प्रश्न तिथे भाऊबंदकीच्या बैठकीत सुटेनात. नुसत्या दानधर्मानेही सुटेनात. आज दिलेलं धान्य आठ दिवसांत संपतं आणि माणूस पुन्हा दारात उभा राहतो. तेव्हा हे काम शिकून, पद्धतशीरपणे करणारी माणसं हवीत असा विचार पुढे आला.

त्यातूनच १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. आपल्या देशातील या शिक्षणाची ती सुरुवात. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन गृहस्थ तिचे पहिले संचालक. १९४४ साली तिचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले. पुढे १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन आणि १९६३ साली पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था सुरू झाली.

योगायोग असा की ज्या १९३६ साली मुंबईत ही शाळा निघाली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्यासाठी राबणाऱ्यांत खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आघाडीवर होते. आज त्यांच्याच नावाच्या विद्या प्रबोधिनीचे, त्यांच्या चिरंजीवांचे नाव घेतलेले लोकसेवक मधुकरराव चौधरी समाजकार्य महाविद्यालय जळगावला आहे. नानांची पोरगी जळगावला समाजकार्य शिकायला निघाली म्हणजे काही परक्या वाटेने निघालेली नाही.

भुसावळच्या फलाटावरची गोष्ट

हे शिक्षण कशासाठी, याचं उत्तर पुस्तकात शोधण्याची गरज नाही. आपलं जंक्शन पुरे आहे.

३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची ५९ मुलं भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर उतरवून घेण्यात आली. मुलांना मजुरीसाठी पळवून नेत असल्याचा संशय होता. सोबतच्या पाच जणांना अटक झाली. ही मुलं मदरशात शिकायला चालली आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलांना बारा दिवस नाशिक व जळगावच्या बालगृहांत काढावे लागले, मग ती घरी गेली. पुढे २०२४ साली पोलिसांनीच गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचे सांगून ही प्रकरणे बंद केली.

यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. स्टेशनवर एकदम एवढी पोरं दिसली आणि कोणी विचारलंच नाही, तर तेही वाईटच. कारण खरोखर पळवलेली, घरातून पळालेली, कामाला जुंपायला नेलेली मुलंही याच रुळांवरून जातात. मुद्दा एवढाच की अशा वेळी घाबरलेल्या पोराला त्याच्या भाषेत, न दटावता बोलतं कसं करायचं. त्याच्या आईबापाशी, गावाशी संपर्क साधून खरंखोटं कसं पडताळायचं. त्यावर बालकल्याण समितीपुढे ठेवायचा सामाजिक तपासणी अहवाल कसा लिहायचा, ही जाणत्या माणसाची कामं आहेत. अहवाल नीट आणि वेळेवर झाला तर चार दिवस वाचतात. चुकला तर पोर चुकीच्या हाती जातं, किंवा निर्दोष माणूस आत बसतो. नुसतं मन चांगलं असून इथे भागत नाही.

संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा फोन नंबर आपण रेल्वेत, बसस्थानकावर वाचला असेल. तो १९९६ साली मुंबईत टाटा संस्थेच्याच एका उपक्रमातून सुरू झाला, हेही सभासदांना ठाऊक असावे.

दोन वर्षांत शिकवतात तरी काय?

एम.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी. मुदत दोन वर्षे, सत्रे चार. समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदे, सरकारी योजना, संशोधनाच्या पद्धती असे विषय असतातच. पण कण्याचे विषय तीन.

पहिला, व्यक्तिसहाय्य कार्य. एक माणूस, एक घर, त्याची अडचण. आपण माती परीक्षण न करता खताचं पोतं ओतत नाही. तसं इथे अडचणीचं मूळ समजल्याशिवाय उपाय सांगायचा नाही. पोरगं शाळेत जात नाही म्हणून मास्तर त्याला झोडतो आणि घरी बघावं तर आई आजारी, धाकट्याला सांभाळायला कोणी नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! तो बंब योग्य जागी न्यायला शिकवतात.

दुसरा, गटकार्य. एकसारखी अडचण असलेली दहा-पंधरा माणसं एकत्र बसवून एकमेकांच्या आधाराने पुढे नेणं. दारू सोडू पाहणारे, वयात येणाऱ्या मुली, बचत गटाच्या बायका.

तिसरा, समुदाय संघटन. अख्ख्या वस्तीचा प्रश्न वस्तीनेच ओळखावा, वस्तीनेच सोडवावा, आपण मध्ये फक्त सांधा व्हावं. हे आपल्याला नवीन नाही. सहकार म्हणजे तरी दुसरं काय? चार-पाच एकरांचे शेतकरी एकत्र आले आणि चिमणी उभी राहिली. फरक इतकाच की जी माणसं अजून एकत्र येऊ शकलेली नाहीत, त्यांच्यात जाऊन हे करायला ही मुलं शिकतात.

खरी शाळा मात्र वर्गाबाहेर भरते. तिला क्षेत्रकार्य म्हणतात. बहुतेक ठिकाणी आठवड्याचे दोन दिवस विद्यार्थ्याला एखाद्या वस्तीत, दवाखान्यात, बालगृहात, शाळेत किंवा कारखान्यात पाठवतात. तिथून आल्यावर अहवाल लिहायचा. त्यात काय पाहिलं, त्यावरून मला काय वाटलं आणि मी काय केलं, हे वेगवेगळं मांडायचं. "घरात दारिद्र्य होते" असं लिहिलं की मार्गदर्शक बाई लाल रेघ मारतात: दारिद्र्य म्हणजे काय दिसलं ते लिही. चूल पेटली होती का? पोरांनी सकाळी काय खाल्लं होतं? मग दर आठवड्याला मार्गदर्शकापुढे बसून झालेल्या चुकांची उजळणी. शिवाय खेड्यातलं शिबिर, अभ्यासदौरा आणि शेवटी एखाद्या विषयावर स्वतः माहिती गोळा करून लिहिलेला लघुप्रबंध.

आणखी दोन गोष्टी मुरवून घेतात. ऐकलेलं पोटात ठेवायचं. बाईने विश्वासाने सांगितलेलं चावडीवर न्यायचं नाही. आणि निर्णय ज्याचा त्याला घेऊ द्यायचा, आपण कारभारी व्हायचं नाही. गावात मध्यस्थी करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही दुसरी गोष्ट फार जड जाते, हे प्रांजळपणे कबूल केलं पाहिजे.

आपल्याच शिवारातला धडा

आता जरा घरचं बोलू. हंगाम सुरू झाला की टोळ्या येतात. कोणी चाळीसगाव-पारोळ्याकडून, कोणी सातपुड्याच्या पायथ्यापासून. धुळे-नंदुरबारची हजारो आदिवासी कुटुंबं तर पार दक्षिण गुजरातेत तोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे तोड, मोळ्या बांधणं, गाडी भरणं, काट्यावर रात्र. बाईला त्याआधी भाकरी आणि त्यानंतर पोरं. आपल्या उसाचा भाव, रिकव्हरी, एफ.आर.पी. यावर आपण सभेत तासन्तास बोलतो. पण तो ऊस ज्याने तोडला त्याच्या खोपीत पिण्याचं पाणी कुठून येतं, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं?

२०१९ साली सरकारने बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. दर सहा जणींत एक! लहान वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणं, फडात ना आडोसा ना पाणी, दुखणं अंगावर काढायचं. आणि खाडा झाला तर रोज बुडतो, वर कापला जातो. मग दुखणं कायमचं मिटवा असं सांगणारा डॉक्टर देवासारखा वाटतो. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. टनाची नोंद झाली, गाडीची झाली, उचलीची झाली. बाईच्या दुखण्याची नोंद करायला मात्र कोणी बसलं नाही. ती पाहणी बीडची असली तरी फड आपल्याकडे काही वेगळा नसतो.

समाजकार्य शिकणारी मुलगी टोळीच्या तळावर गेली तर काय करील? पहिले काही दिवस तर काहीच नाही. बसेल, बोलेल, नावं विचारील. मग तिच्या लक्षात येईल की दहा वर्षांची एक पोर शाळेत जात नाही, कारण कडेवर आठ महिन्यांचा भाऊ आहे. म्हणजे शाळेचा प्रश्न खरं तर पाळण्याचा प्रश्न आहे. ती अंगणवाडीताईंना गाठील. मग मास्तरांकडे जाईल. ते दाखला मागतील. तेव्हा तिला ठाऊक असेल की २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. पूर्वी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालत. हा कायदा आल्यावर मुलांना नेहमीच्या शाळेत घालणं, किंवा मूळ गावी हंगामी वसतिगृहात ठेवणं, यावर भर आला. हे मुकादमाला ठाऊक नसतं, आईबापाला नसतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही नसतं.

यात दयेचा भाग थोडा, माहितीचा, चिकाटीचा आणि पाठपुराव्याचा फार. तेच कसब दोन वर्षांत घासून तयार होतं.

मोठ्या प्रमाणावर हेच

शिकलेला एक माणूस किती दूर जाऊ शकतो याचं उदाहरण खान्देशातच आहे. टाटा संस्थेतून समाजकार्यात एम.ए. झालेल्या मेधा पाटकर १९८५ च्या सुमारास नर्मदाकाठच्या गावांत आल्या. सरदार सरोवरात अक्कलकुवा-धडगावकडची ३३ गावं येत होती. तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, १९९८ पासून नंदुरबारमध्ये आहे. त्यांच्या भूमिकेशी कोणी सहमत असो वा नसो, आपल्यातही दोन मतं आहेत. पण कोणाचं घर जातं, कोणाची जमीन जाते, कोणाचं नाव यादीतच नाही, हे गावोगाव पायी फिरून लिहून काढण्याचं काम झालं म्हणून बुडणाऱ्यांची दखल घ्यावी लागली, हे नाकारता येणार नाही. आपल्या तालुक्यात हतनूर धरणाच्या वेळी ज्यांची गावं उठली, त्यांना यादीत नाव असण्याची किंमत सांगायला नको.

प्रवेश आणि खर्च

कोणत्याही शाखेचा पदवीधर एम.एस.डब्ल्यू.ला जाऊ शकतो. बारावीनंतरच बी.एस.डब्ल्यू. केलेलं असेल तर पाया पक्का होतो. काही ठिकाणी प्रवेश परीक्षा व मुलाखत असते. टाटा संस्थेसाठी देशपातळीवरची स्पर्धा आहे. त्यांचा एक परिसर तुळजापूरलाही आहे.

आपल्या भागात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगावखेरीज अमळनेर, चोपडा आणि धुळ्याजवळ मोराणे येथेही समाजकार्य महाविद्यालये आहेत. कोणत्या ठिकाणी पदव्युत्तर वर्ग आहेत, जागा किती, फी किती, हे दरवर्षी समक्ष जाऊन विचारावे; ऐकीव माहितीवर जाऊ नये. भुसावळहून जळगाव पंचवीसेक किलोमीटर. मासिक पास काढून अपडाऊन करणारी मुलं-मुली रोज आपल्या स्टेशनवर दिसतात. शिष्यवृत्ती आणि फीमाफीच्या योजना उत्पन्नाच्या व जातीच्या दाखल्यांवर अवलंबून असतात, तेव्हा तहसीलमधून दाखले जूनच्या आत काढून ठेवावेत. ऐन वेळी धावपळ करून फॉर्म राहिला, ही रड नेहमीची आहे.

घरातल्या माणसांनी एक तयारी ठेवावी. मुलगी वस्त्यांत फिरणार, दवाखान्यात जाणार, कधी उशिरा येणार, कधी मन खट्टू होऊन गप्प बसणार. त्या दिवशी "कशाला नसते उद्योग" म्हणू नये. जेवायला वाढावं.

नोकरीचं काय?

हा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सरळ द्यायला हवं. आपल्या कारखान्यासारख्या उद्योगांत कामगार कल्याण अधिकारी लागतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे कामगारांच्या वरच्या कारखान्यांना तो सक्तीचा केला. २०२० च्या नव्या संहितेने तो आकडा अडीचशेवर आणला. मोठ्या सरकारी दवाखान्यांत वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक असतो. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १९४६ साली असा पहिला माणूस नेमला गेला. घरचा माणूस जळगावच्या मोठ्या दवाखान्यात दाखल असताना कागद कोणते, योजना कोणती, हे ज्याने सांगितलं तो बहुधा हाच. कुटुंब न्यायालयांत समुपदेशक असतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षात, परिविक्षा अधिकारी म्हणून, एड्स नियंत्रणाच्या केंद्रांत, बचत गटांच्या अभियानात, कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या कामात आणि स्वयंसेवी संस्थांत जागा निघतात. १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा संस्थेने महिला व मुलांसाठी सहाय्य कक्ष सुरू केला. तशी केंद्रं पुढे राज्यभर झाली, आणि त्यांत याच शिक्षणाची माणसं बसतात. पुढे नेट किंवा सेट झाल्यास प्राध्यापकीची वाट आहे.

पण यातल्या पुष्कळ जागा कंत्राटी असतात. सुरुवातीचा पगार बेताचा. प्रकल्प संपला की नोकरी संपली, असंही होतं. डिग्री झाली की बंगला बांधू असा हिशेब असेल तर हा मार्ग नव्हे. ज्याला माणसांत बसवतं, लिहायचा कंटाळा नाही आणि दुसऱ्याचं ऐकून घेण्याचा धीर आहे, त्याचं इथे चीज होतं. लागणीचा ऊस आहे हा; पहिलं वर्ष फक्त मुळं धरण्यात जातं.

सभासदांना विनंती

दोन गोष्टी मागायच्या आहेत. मुलगा किंवा मुलगी हे शिकतो म्हणाली तर हसण्यावारी नेऊ नका आणि डोळे झाकून होही म्हणू नका. महाविद्यालयात स्वतः जा. क्षेत्रकार्य कुठे असतं, मार्गदर्शक कोण, मागच्या वर्षीची मुलं कुठे लागली, हे विचारा.

दुसरी विनंती याहून सोपी. या हंगामात एखादा विद्यार्थी वही घेऊन आपल्या फडावर, टोळीच्या तळावर आला तर त्याला हुसकावू नका. चौकशीला आलेला म्हणून त्याचा संशय घेऊ नका. पाणी द्या, बसू द्या, बायकांशी बोलू द्या. त्याच्या वहीत आपल्याला न आवडणारं काही लिहिलं जाईलही. काटा आपण दरवर्षी तपासून घेतो, तो आपल्यावर अविश्वास म्हणून नव्हे. वजन खरं निघावं म्हणून. ही वहीसुद्धा तसाच एक काटा आहे.

नाना त्या दिवशी उठता उठता म्हणाले, "म्हणजे पोरगी आमच्याच फडावर येऊन आम्हाला चार गोष्टी सुनावणार म्हणा की!"

सुनावील, नाना. पण आधी टोळीतल्या बाईचं ऐकून घेईल आणि मग सुनावील. आपण इतकी वर्षं मधली पायरीच गाळत आलो.

कळावे. हंगाम सर्वांना सुखाचा जावो.